तेलात उतरलेली धूळ

एअर फिल्टर चांगला आहे की नाही, हे फिल्टरकडे बघून कळत नाही. उजेडाकडे धरा, जमिनीवर आपटा, घड्या उलगडून बघा. फार तर तो किती मळलाय ते कळेल. त्यानं किती धूळ अडवली हे थोडंफार दिसतं, पण किती आत जाऊ दिली हे दिसत नाही, आणि इंजिनाचं आयुष्य ठरतं ते या दुसऱ्या आकड्यावर. आत गेलेल्या धुळीतली बरीचशी धुराबरोबर बाहेर पडते. उरलेली सिलिंडरच्या भिंतीवरच्या तेलात अडकते आणि पिस्टनच्या रिंगांबरोबर खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात, उतरते. म्हणून फिल्टरची चौकशी तेलाकडे करायची.

मी रसायनशास्त्र शिकवते, आणि बसवाल्यांच्या घरातली आहे. बाबांनी सुरू केलेला धंदा आता दादा सांभाळतो. इंदूरहून राऊमार्गे पीथमपूरच्या कारखान्यांत कामगारांना नेणं-आणणं, तिन्ही पाळ्यांना. गाड्यांच्या कामात मी कधी लक्ष घातलं नव्हतं. पण दादानं तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायला सुरुवात केली आणि पहिला रिपोर्ट माझ्यापुढे टाकला. "हे सगळं तुझ्या पुस्तकातलं आहे. लोखंड, क्रोमियम, सिलिकॉन. तूच सांग काय ते." तेव्हापासून ते रिपोर्ट माझ्याकडेच येतात, आणि खरं सांगते, कॉलेजच्या पेपरांपेक्षा मी ते जास्त मन लावून वाचते.

आधी धुळीबद्दल. इंदूर २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांत पहिलं येतंय. रात्री रस्ते धुतले जातात, त्याचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो खराही आहे. पण राऊ ओलांडलं की माळव्याची शेतं सुरू होतात. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाला की शेतं उघडी पडतात, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हार्वेस्टर आणि भुशाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. त्यात पीथमपूरकडे कुठे ना कुठे बांधकाम चालूच. त्या दिवसांत सकाळी पुसलेली काच संध्याकाळी बोटानं नाव लिहिण्याजोगी होते. ही धूळ बोटांत चोळली तर मऊ लागते, म्हणून लोकांना वाटतं ती निरुपद्रवी असेल. ती मऊ लागते कारण बारीक असते. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टची, लाव्हाच्या खडकाची झीज होऊन झालेली आहे. तिच्यात चिकणमातीचा भाग मोठा, आणि त्याच्या सोबतीला सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या द्रव्याचे, आणि लोहाचे कठीण कण.

बारीक असणं हाच धोका आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनच्या खालचं काही सुटं दिसत नाही. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. रिंग आणि लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, यांच्या मधला तेलाचा थर असतो जेमतेम काही मायक्रॉन. मोठा खडा त्या फटीत शिरतच नाही, फार बारीक कण तेलाबरोबर निघून जातो. मधला, ५ ते २० मायक्रॉनचा जो कण असतो तो बरोब्बर फटीत बसतो आणि दोन्ही बाजूंचा धातू खरवडतो. म्हणजे जी धूळ आपल्याला दिसते ती इंजिनाचं फारसं बिघडवत नाही, आणि जी बिघडवते ती दिसत नाही.

आता थोडा हिशेब. तो केल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

१ लिटर डिझेल पुरतं जळायला कमीत कमी १२ किलो हवा लागते, म्हणजे १० घनमीटर. डिझेल इंजिन नेहमी त्याहून जास्त हवा ओढतं, आपण १५ घनमीटर धरू. बस लिटरला ५ किलोमीटर जाते असं समजा. १० हजार किलोमीटरला २ हजार लिटर डिझेल, म्हणजे ३० हजार घनमीटर हवा. त्या हवेत दर घनमीटरला १ मिलिग्रॅम धूळ धरली तर फिल्टरच्या तोंडाशी ३० ग्रॅम धूळ येते. वाटीच्या तळाशी मावेल एवढीच.

फिल्टर ९९ टक्के धूळ अडवत असेल तर आत जाते ३०० मिलिग्रॅम. ९९.९ टक्के अडवत असेल तर ३० मिलिग्रॅम. दुकानात हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले दिसले तर कुणीही म्हणेल, एका टक्क्याचाही फरक नाही. अडवलेल्या धुळीकडून बघितलं तर नाही. सुटलेल्या धुळीकडून बघितलं तर दहापट आहे.

ही धूळ तेलात कितीशी दिसेल? चेंबरमध्ये १० लिटर तेल, वजन पावणेनऊ किलो. धुळीत निम्मी सिलिका धरली, आणि सिलिकात वजनानं निम्म्याहून थोडं कमी सिलिकॉन असतं, तर आत गेलेली सगळीच्या सगळी ३०० मिलिग्रॅम धूळ तेलात उतरली तरी सिलिकॉन वाढेल ८ पीपीएमनं. चांगल्या फिल्टरला वाढेल १ पीपीएमहूनही कमी. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक, किलोला १ मिलिग्रॅम. आणि प्रत्यक्षात बरीच धूळ धुरावाटे जाते, त्यामुळे हे आकडे याहूनही लहान.

हा हिशेब मी दादाला वहीच्या पानावर मांडून दाखवला, कारण त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: कागदी फिल्टर ठेवू की धुवून पुन्हा वापरायचा कापडी बसवू? सुट्या भागांच्या एका दुकानदारानं त्याला सुती कापडाचा, तेल लावून वापरायचा फिल्टर दिला होता. एकदा घ्या, वर्षानुवर्षं वापरा, हवाही मोकळी मिळते. पैशांच्या दृष्टीनं बोलणं खोटं नव्हतं. दादा म्हणाला, एका बसला कापडी लावतो, दुसरीला कागदी राहू दे, दोन्हींचं तेल तपासू, ज्याचं सिलिकॉन कमी तो फिल्टर चांगला.

ऐकायला सरळ वाटतं. पण तेल फक्त फिल्टरबद्दल बोलत नाही, आणि सिलिकॉन हा शब्द रिपोर्टमध्ये आला म्हणजे धूळच असंही नाही.

तेलात धातू मोजायची रीत माझ्या जिव्हाळ्याची आहे, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. अकरावीतली मुलं मिठाचा कण ज्योतीत धरतात आणि ज्योत पिवळी होते, तेव्हा ती जे करतात तेच इथे होतं. बुन्सेन आणि किर्शहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० मध्ये याच मार्गानं सीझियम शोधलं: प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपल्याच ठरलेल्या रंगाचा प्रकाश देतं. आज तेलाचा फवारा आर्गॉनच्या प्लाझ्मात, म्हणजे विजेनं तापवलेल्या वायूच्या झोतात, सोडतात, तिथलं तापमान हजारो अंशांत असतं, आणि लोखंड, क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम, शिसं, सगळ्यांच्या रेषा एकदम मोजल्या जातात. सिलिकॉनची नेहमी वापरतात ती रेषा २५१.६ नॅनोमीटरला, अतिनील पट्ट्यात, डोळ्यांपलीकडची. वापरलेल्या तेलाची अशी तपासणी पहिल्यांदा पद्धतशीरपणे केली अमेरिकेतल्या रेल्वेनं, १९४० च्या दशकात, डेन्व्हर अँड रिओ ग्रँड नावाच्या कंपनीनं आपल्या डिझेल इंजिनांसाठी. इंजिन न खोलता आतलं कळावं म्हणून. पुढे ती लष्करी विमानांकडे गेली आणि तिथून सगळीकडे पसरली.

या रीतीला मर्यादाही आहेत. ५ मायक्रॉनपेक्षा फार मोठे कण प्लाझ्मात पुरते जळत नाहीत, ते यंत्राला कमी दिसतात. म्हणजे जाड धूळ शिरत असेल तर सिलिकॉनचा आकडा प्रत्यक्षापेक्षा सौम्य येतो. सिलिकॉन कमी आलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. शेजारी लोखंड काय म्हणतंय ते बघायचं.

आणि सिलिकॉन येतं कुठून कुठून! नव्या तेलातच फेस मोडायचं औषध सिलिकॉनचं असतं, त्याचे काही पीपीएम डबा उघडण्याआधीपासून आत असतात. चेंबरला, टॅपेट कव्हरला जो लाल नाहीतर करडा सीलंट लावतात तो सिलिकॉनचाच. नव्या किंवा नुकतंच काम झालेल्या इंजिनात तो पहिले काही वेळा तेलात सुटत राहतो आणि दर ऑईल-बदलाला कमी होत जातो. काही कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, सिलिकेट असतं, म्हणजे ते पाणी अडवणारं हेड गॅस्केट गळायला लागलं की सिलिकॉन वाढतं. हे सगळे एकाच रकान्यात एकाच नावानं हजर होतात.

त्यांना वेगळं करायचं तर एकट्याला बघायचं नाही, सोबत कोण आलंय ते बघायचं. हा भाग मला सगळ्यात आवडतो. सिलिकॉनबरोबर सोडियम आणि पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर कूलंटची वाट धरा. सिलिकॉन एकटंच वर, बाकी सगळं जागच्या जागी, तर बहुतेक सीलंट. सिलिकॉनबरोबर अ‍ॅल्युमिनियम वाढलं तर माती, कारण मातीत दोन्ही असतात. बेसाल्टच्या मातीत तिनास एक अशा प्रमाणात. आणि त्यांच्या जोडीला लोखंड आणि क्रोमियमही चढलं, म्हणजे लायनर आणि रिंगा घासल्या जातायत, तर ती माती वरून, हवेच्या वाटेनं आली. पण माती आहे आणि झीज मात्र शिशाची, तांब्याची, कथिलाची दिसतेय, तर बेअरिंगं खाल्ली जातायत, आणि धूळ खालून, तेलाच्या वाटेनं आली आहे. म्हणजे फिल्टरचा दोष नाही. गॅरेजमधलं उघडं नरसाळं किंवा झाकण न लावलेला तेलाचा डबा बघायचा. एक कागद, पंधरा-वीस आकडे, आणि त्यातून धूळ कुठल्या दारानं घरात आली ते कळतं. मुलांना वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरचीही मान वर करतात.

माळव्यात आणखी एक गोम आहे. आपल्या मातीत लोहही भरपूर असतं. त्यामुळे लोखंडाचा आकडा वाढला की त्यातलं थोडं लायनरचं नसून शेतातलं असू शकतं. क्रोमियम मात्र मातीत नगण्य असतं, ते आलं तर रिंगांकडूनच आलं असं मी धरते. म्हणून मी लोखंडापेक्षा क्रोमियमवर जास्त विसंबते, ते दोन-तीन पीपीएमनं हललं तरी.

दादाच्या दोन बसेसकडे येते. कापडी फिल्टरवाल्या बसचं सिलिकॉन कागदीवाल्या बसच्या दुपटीहून जास्त आलं. अ‍ॅल्युमिनियम तिनास एकच्या हिशेबानं सोबत होतं, क्रोमियमही हललेलं. गॅरेजमध्ये निकाल लागला: कापडी फिल्टर भंगारात. आमचे मिस्त्री तर त्याला आधीपासूनच नावं ठेवत होते.

मला निकाल मान्य नव्हता, कारण तो हिशेबात बसत नव्हता. कापडी फिल्टर पुष्कळ वाईट असता, ९८ टक्क्यांचा असता, तरी सगळी धूळ तेलात उतरली असं धरूनही एवढं सिलिकॉन येत नव्हतं. पण हवेचा वीसावा हिस्सा, ५ टक्के, फिल्टरला वळसा घालून थेट आत जात असेल तर? मग दीड ग्रॅम धूळ. तेलात ४० पीपीएमपर्यंत. फिल्टरच्या प्रतीतला फरक तेलात कुजबुजतो, गळती ओरडते. आणि हा ओरडण्याचा आवाज होता.

मी दादाला म्हटलं, फिल्टर बदलू नकोस, अदलाबदल कर. याचा त्याला, त्याचा याला, तेल ताजं भर आणि तेवढेच किलोमीटर चालव. सिलिकॉन फिल्टरबरोबर दुसऱ्या बसला गेलं तर दोष फिल्टरचा. बसपाशीच राहिलं तर दोष बसचा.

"आणि दोन्हीकडे वाढलं तर?"

"तर एप्रिल आहे."

सिलिकॉन बसपाशीच राहिलं. उत्तम कागदी फिल्टर लावूनही.

मग शोध सुरू झाला. मी त्या रविवारी गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, फिल्टर एकदम साफ है, कल ही हवा मारी है." फिल्टर खरंच स्वच्छ होता. मी म्हटलं, फिल्टर राहू द्या, त्याच्या मागची नळी दाखवा. फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत, रबराची जाड, भात्यासारखी चुण्या असलेली नळी जाते. टॉर्च लावून बघितली, वरून काळी कुळकुळीत, धडधाकट. आतून बोट फिरवलं तर बोटाला काही लागल्यासारखं वाटलं नाही, पण पांढऱ्या रुमालावर पुसल्यावर फिकट तपकिरी रेघ उमटली. फिल्टरच्या मागच्या, स्वच्छ बाजूला रुमालावर काहीही उमटता कामा नये. मिस्त्री गप्प झाले आणि त्यांनी नळी क्लिपा सोडवून बाहेर काढली. उलटी करून दोन्ही अंगठ्यांनी चुणी ताणली, तेव्हा खालच्या अंगाला, दोन वळ्यांच्या खोबणीत, चिमटीएवढी चीर उघडली. सोडली की मिटली. जागेवर बसवलेली असताना ती कधीच दिसली नसती, कारण तिथे ती मिटलेली असते. इंजिन जोरात ओढायला लागलं, नळी आत दबली, की उघडते. चिरेच्या कडांवर धूळ तेलकट होऊन बसली होती, आणि आतल्या बाजूला तिच्यापासून टर्बोच्या दिशेनं एक बारीक फराटा गेला होता.

नळी काही शे रुपयांची होती. टर्बोच्या पंख्याच्या कडा हाताला अजून धारदार लागत होत्या, म्हणजे वेळेत सापडली. तो फराटा मी मोबाइलमध्ये टिपून ठेवलाय, वर्गात दाखवते.

त्या दिवशी गॅरेजमध्ये दुसरी एक गोष्टही बघितली, आणि ती चिरेपेक्षा महत्त्वाची आहे असं माझं मत झालंय. "कल ही हवा मारी है." दर आठवड्याला हवा मारली जात होती. ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री, सगळे हे प्रेमानं करत होते. गाडीची काळजी घेणं म्हणजे फिल्टर काढून कॉम्प्रेसरनं झाडणं, असंच सगळ्या रस्त्यावर मानतात. पण कॉम्प्रेसरच्या जोराला कागदाच्या घड्या टिकत नाहीत. डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. डबा उघडताना कडेची धूळ आत सांडते. आणि रबराची कड दर वेळी नीट बसतेच असं नाही: एखाद्या ठिकाणी ती दुमडली, की तिथून धुळीची एक बारीक रेघ रबर ओलांडून आत गेलेली दिसते. फिल्टर काढल्यावर घड्यांकडे बघण्याआधी त्या रबरी कडेकडे बघा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

शिवाय थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगला गाळतो. नव्या कागदातल्या फटी मोकळ्या असतात, धुळीचा पहिला थर बसला की तोच थर बारीक कण अडवतो. चहाच्या गाळणीत चोथा साठला की पुढचा चहा जास्त नितळ उतरतो तसं. हवा मारून आपण तो थर उडवून देतो आणि फिल्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावतो. मग कधी काढायचा? डब्यावर ओढ दाखवणारा छोटा निर्देशक असतो. हवा ओढताना फिल्टरच्या मागे किती पोकळी तयार होते ते तो मोजतो. मोठ्या डिझेल इंजिनांत साधारण २५ इंच पाण्याच्या स्तंभाएवढी झाली की तो लाल होतो. लाल झाला की बदलायचा. तोवर हात लावायचा नाही. ज्या गाड्यांत आत दुसरा, लहान सुरक्षा-फिल्टर असतो, तो तर कधीच झाडायचा नाही, फक्त बदलायचा.

बाबांच्या वेळी हा प्रश्न वेगळा होता. जुन्या गाड्यांवर तेलाचा एअर क्लीनर असायचा, आता तो ट्रॅक्टरवरच दिसतो. खाली वाटी, वाटीत तेल, हवा त्यावर आपटून वळायची आणि धूळ तेलात बसायची. बाबा रविवारी ती वाटी काढून तळाचा गाळ पत्र्याच्या तुकड्यानं खरवडायचे, ओला काळा लगदा. तो क्लीनर कागदापेक्षा कमी गाळायचा, विशेषतः इंजिन हळू चालू असताना, जेव्हा हवेला तेलावर आपटण्याइतका वेग नसतो. पण त्याची वाटी आठवड्याला साफ करणं हे योग्यच होतं. मला वाटतं, आजची ही हवा मारायची सवय तिथूनच आली असावी. यंत्र बदललं, हात तेच राहिले. मिस्त्री तरुणपणी बाबांकडेच शिकले.

कापडी फिल्टरचं काय झालं, ते राहिलं. नळी बदलल्यावर दादानं दोन्ही फिल्टर पुन्हा अदलून-बदलून चालवले. दोन्ही बसेसवर कापडीच्या वेळी सिलिकॉन किंचित वर, कागदीच्या वेळी किंचित खाली. पण तो फरक इतका लहान की एकाच बाटलीतलं तेल दोनदा तपासलं तरी तेवढा येऊ शकतो. त्यातून मी निकाल देणार नाही, आणि कुणी दिला तर मानणार नाही. गळती नसलेल्या दोन बऱ्या फिल्टरांमधला फरक तेल सांगू शकत नाही, आपला वरचा हिशेबच ते सांगतो. तो फरक मोजायची जागा प्रयोगशाळा आहे. त्यासाठी आयएसओ ५०११ नावाची ठरलेली चाचणी आहे: ठराविक जाडीची प्रमाणित धूळ, एके काळी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातून आणलेली, ठराविक हवेत मिसळून फिल्टरवर सोडायची आणि पलीकडे किती निघाली ते वजन करून बघायचं. दुकानदाराकडे फिल्टर घ्यायला गेलात तर त्या चाचणीतला आकडा मागा. ९९ की ९९.९, तेवढं विचारा.

दादानं कापडी काढला तो दुसऱ्याच कारणानं. तो धुवायचा, सावलीत पुरता वाळू द्यायचा, मग मोजून तेल लावायचं. तेल कमी पडलं तर गाळत नाही, जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसू शकतं. पहाटेच्या पाळीची बस एवढं सगळं निगुतीनं करायला थांबत नाही. एखाद्यानं घरच्या गाडीला लावला आणि सुट्टीच्या दिवशी बसून सांभाळला तर माझी हरकत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तेलाचा रिपोर्ट हा फिल्टरचा रिपोर्ट म्हणून वाचू नये. तो हवेच्या सगळ्या वाटेचा रिपोर्ट आहे: फिल्टर, त्याची कड, डब्याचं झाकण, क्लिपा, नळी, आणि हे सगळं उघडणारे-बसवणारे हात. त्यातलं एकही ढिलं पडलं तर ते तिथे दिसतं, आणि वेळेवर दिसतं.

नमुना नीट घेतलेला असला तरच. हे काम आता क्लीनर करतो आणि फार चांगलं करतो. बस पाळी संपवून आली की लगेच, तेल गरम असताना. चेंबरचा नट आणि भोवतालचा भाग आधी फडक्यानं पुसायचा, नाहीतर बाहेरचीच माती धारेबरोबर बाटलीत. नट काढल्यावर पहिलं तेल जाऊ द्यायचं, तळाचा गाळ त्यात येतो. मधल्या धारेखाली कोरडी बाटली धरायची, पाऊण भरायची, लगेच झाकण. बाटलीचं झाकण खिशात नाही, हातात. एप्रिलच्या दुपारी दार उघडं ठेवून हे केलं तर ट्रकनं उडवलेल्या एका लोटानं सगळा आकडा फिरतो. वर आपण काढलेला हिशेब आठवा, आपण सगळी गोष्ट मिलिग्रॅममध्ये बोलतोय.

बाटलीवर वहिनी लिहिते: तेल किती किलोमीटर चाललं, मध्ये किती लिटर वर घातलं, फिल्टर केव्हा बदलला, इंजिनाचं काही काम झालं का. वर घातलेलं तेल विसरायचं नाही, ते आधीची धूळ पातळ करून आकडा गोड दाखवतं. सोबत त्याच कंपनीच्या ताज्या तेलाचाही नमुना एकदा तपासून घेतलेला आहे, म्हणजे डब्यातून आलेलं सिलिकॉन वजा करता येतं. आणि एकट्या रिपोर्टवरून आम्ही काहीच ठरवत नाही. एका बसचे रिपोर्ट एकाखाली एक मांडते, दर हजार किलोमीटरला किती असं करून. सिलिकॉन १० आहे की २० याला फारसा अर्थ नाही. ते त्याच बसला, त्याच रस्त्यावर, गेल्या वेळेपेक्षा किती चढलं याला आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात माझी मावशी राहते. मावसभावाचे ट्रक तिकडच्या दगडखाणींतून माल भरून आग्रा-मुंबई रस्त्यानं इकडे येतात. हे सगळं ऐकून त्यानंही तेल तपासायला घेतलंय आणि रिपोर्ट मला पाठवणार आहे. त्याला मी फोनवर सांगितलं की माझं तिनास एक तुझ्याकडे लावू नकोस. तिकडची धूळ वालुकाश्माची, तिच्यात क्वार्ट्झ जास्त आणि अ‍ॅल्युमिनियम कमी. क्वार्ट्झचं काठिण्य मोह्सच्या १० पर्यंतच्या मापावर ७, रिंगांना माळव्याच्या मातीपेक्षा जास्त जाचक. तुझ्या तेलात सिलिकॉन वर आणि अ‍ॅल्युमिनियम खाली दिसलं तर सीलंट म्हणून सोडून देऊ नकोस, क्रोमियम बघ. आणि अ‍ॅल्युमिनियम चढलेलं दिसलं, तर ते मातीचं समजू नकोस. आधी पिस्टनचं समज, आणि ट्रक उभा कर.